रंगाखालची तांबूस रेघ: ट्रॅव्हल ट्रेलरच्या चेसिसला जाणारे तडे आणि वाचकांचे प्रश्न

या वेळचे बहुतेक प्रश्न ट्रॅव्हल ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या, पोटाखालचे आहेत. एकसारखे होते ते एकत्र केले. उत्तरांत काही शब्द पुन्हा पुन्हा येतील, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चेसिसच्या लांबीने जाणारे दोन मोठे बीम म्हणजे मुख्य बीम. त्यांची उभी पट्टी म्हणजे वेब, वरची-खालची आडवी पट्टी म्हणजे फ्लँज. लीफ स्प्रिंगचे पाटे ज्यांना टांगलेले असतात ते खालच्या फ्लँजला वेल्ड केलेले कान म्हणजे हँगर. पुढचा त्रिकोण म्हणजे ड्रॉबार आणि त्याच्या टोकाला गाडीच्या बॉलवर बसणारा कपलर.

प्रश्न: दोन ॲक्सलचा ट्रेलर आहे. मागच्या हँगरजवळ वेल्डच्या कडेने काळ्या रंगावर तांबूस रेघ दिसते, साधारण ४० मिमी. नख फिरवलं तर काही लागत नाही. रंग तडकलाय की लोखंड, हे घरच्या घरी कसं ठरवायचं?

नखावर विसंबू नका. थकव्यामुळे गेलेला तडा उभा ट्रेलर असताना मिटलेला असतो आणि रस्त्यावर भार आला की उघडतो. दर वेळी उघडताना त्यात पाणी शिरतं आणि मिटताना गंजाचं पाणी बाहेर येतं. म्हणूनच ती रेघ तांबूस दिसते. नुसता रंग टिचला असेल तर गंज बहुधा पसरट डागासारखा येतो. वेल्डच्या कडेला धरून चाललेली बारीक, सरळ रेघ दिसली तर तपासून निर्धास्त होईपर्यंत तो तडाच समजा.

ट्रेलर सपाट जागी घ्या, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा आणि मुख्य बीमखाली घोड्या (जॅक स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली जाऊ नका. नंतर ती जागा साफ करायची. रंग केमिकल रिमूव्हरने किंवा वायर ब्रशने काढा, ग्राइंडरने नाही. ग्राइंडरची चकती मऊ पोलादाचा वरचा थर ओढून तड्याच्या तोंडावर लिंपते आणि पुढची तपासणी तडा नाही असं सांगते. सँडब्लास्टिंगनेही तेच होतं.

मग डाय पेनिट्रंटचा संच वापरा. त्यात तीन डबे असतात: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. धातू कोरडा आणि अंदाजे ५ ते ५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावा.

क्लीनरने पुसून पूर्ण वाळू द्या. लाल रंग फवारून १० ते २० मिनिटं थांबा. थंडी असेल तर जास्त वेळ द्या. मग कोरड्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा. शेवटी फडकं क्लीनरने जेमतेम ओलं करून पुन्हा पुसा. क्लीनर थेट पत्र्यावर फवारायचा नाही, कारण तो तड्यात शिरलेला रंगही धुऊन नेतो. चूक होते ती बहुतेक इथेच. त्यानंतर डेव्हलपरचा पातळ थर द्या, इतका पातळ की खालचा धातू पुसट दिसत राहील. दहा मिनिटांत तड्याची लाल रेघ पांढऱ्यावर उमटते. ती भरभर रुंदावत गेली तर तडा खोल आहे. वेल्डच्या खडबडीत पृष्ठभागावर किंवा कडेच्या खाचेत राहिलेला रंगही लाल दिसतो, पण तो ठिपक्यांसारखा किंवा पसरट असतो. शंका आली तर साफ करून सगळं पुन्हा करा.

जवळपास मॅग्नेटिक पार्टिकल तपासणीचं योक (हातात धरायचा विद्युतचुंबक) असलेला तपासनीस मिळाला तर उत्तम. त्याने पृष्ठभागाच्या किंचित खालचे तडेही सापडतात. योक एकदा वेल्डच्या दिशेने आणि एकदा आडवं धरून तपासायला सांगा, कारण चुंबकीय रेषांना समांतर असलेला तडा दिसत नाही.

एका ठिकाणी तडा सापडला तर बाकीचे पाचही हँगर बघा. दोन्ही बाजूंची रचना सारखी आणि दोन्हींनी खाल्लेले धक्केही जवळपास सारखे. शिवाय या जागा सोडू नका: ड्रॉबारचे बीम पुढच्या आडव्या बीमखालून जाऊन मुख्य बीमला भेटतात तो सांधा, जॅकच्या नळीभोवतीचा वेल्ड, कपलरमागचा वेल्ड, सेफ्टी चेनचे कान, मुख्य बीममधून बाहेर आलेले आधाराचे हात आणि मागच्या बंपरचे दोन्ही सांधे.

प्रश्न: याच हँगरजवळ दोन वर्षांपूर्वी वेल्डिंग करून घेतलं होतं. वेल्ड चांगला जाड आहे आणि शाबूत आहे. आता तडा त्याच्या शेजारी वेबमध्ये गेला. वेल्डरचं चुकलं का?

अंशतः. चेसिसवर मधोमध तुटलेला वेल्ड क्वचितच दिसतो. तुटतो तो वेल्डच्या शेजारचा धातू, म्हणजे जिथे बीड, म्हणजे वेल्डची पट्टी, संपून मूळ पत्रा सुरू होतो ती कड. तिथे आकार अचानक बदलतो, ताण एकवटतो आणि वेल्ड थंड होताना आकसल्यामुळे राहिलेला अंतर्गत ओढीचा ताणही तिथेच असतो. त्यात कडेला अंडरकटची खाच पडली असेल किंवा रॉड उचलताना खळगा राहिला असेल, तर तड्याला आयती सुरुवात मिळते. वेल्ड जितका जाड तितकी उष्णता जास्त आणि कड तितकीच उभी. ५ मिमीचा हँगर फ्लँजला जोडायला ३ ते ४ मिमी पायाचा फिलेट (कोपऱ्यातला त्रिकोणी वेल्ड) पुरतो. ८ मिमीचा बीड चढवला म्हणून सांधा दुप्पट मजबूत होत नाही.

पण तुमच्या तड्याचं मूळ वेल्डरच्या हातात नाही, ट्रेलरच्या वळण्यात आहे. दोन ॲक्सल एकमेकांना समांतर असतात. अरुंद जागेत वळताना दोन्हींना एकाच केंद्राभोवती फिरता येत नाही, त्यामुळे पुढची चाकं एका बाजूला आणि मागची दुसऱ्या बाजूला घासत ओढली जातात. ही आडवी ओढ टायरमधून पाट्यांत, पाट्यांतून हँगरमध्ये जाते. हँगर बीमखाली लोंबतो, म्हणजे तो पहारीसारखा काम करतो आणि खालची फ्लँज पिळतो. आय-बीम उभ्या भाराला जबरदस्त असतो, आडव्या भाराला आणि पिळाला मात्र अगदीच दुबळा. फ्लँज डावी-उजवी डोलते आणि ३ मिमीचा वेब तिच्या मुळाशी तार वाकवून तोडावी तसा मागे-पुढे वाकत राहतो. तडा तिथेच जातो, म्हणजे फ्लँजच्या वरच्या अंगाला, आडवा.

ओढ कमी करणारं आणि ओढ सोसणारं, असं दोन्ही काम केलं तरच दुरुस्ती टिकेल. सोसण्यासाठी डावा हँगर आणि उजवा हँगर यांच्यामध्ये आडवा चौकोनी पाइप किंवा चॅनेल द्या, म्हणजे दोन्ही एकमेकांना धरून राहतील. तो हँगरच्या शक्य तितक्या खालच्या भागात जोडला तरच पहारीचा जोर मोडतो. वरच्या टोकाला जोडलेला पाइप शोभेपुरता. ॲक्सल वर आल्यावर तो पाइपवर आपटणार नाही एवढी जागा सोडा.

ओढ कमी करण्यासाठी बुश (पाट्याच्या टोकात बोल्टभोवती बसणाऱ्या नळ्या) बघा. नायलॉनचे बुश झिजले की बोल्ट हँगरचं भोक लांबट करतो आणि प्रत्येक खड्ड्यात हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. भोक लांबट झालं असेल तर हँगर बदला. भोक वेल्डने भरून पुन्हा पाडू नका. ब्रॉंझचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट बसवून घेतले की हा त्रास बराच लांबतो. आणि ट्रेलर मागे घेताना एकदम काटकोनात वळवण्याऐवजी दोनदा पुढे-मागे करा. त्याने वाचतात ते टायरही.

प्रश्न: वेबमध्ये ६० मिमीचा तडा आहे, खालच्या फ्लँजपासून साधारण १० मिमी वर. दुरुस्तीची पूर्ण पद्धत द्याल का? वेल्डिंग येतं, पण चेसिसवर कधी केलेलं नाही.

आधी मापं घ्या. कपलरच्या मध्यापासून पुढच्या ॲक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. दोन्हींत ३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर चेसिस किंवा ॲक्सल आधीच सरकलाय आणि नुसतं वेल्डिंग करून भागणार नाही. मुख्य बीमच्या खालच्या कडेने दोरी ताणून दर ५०० मिमीवर अंतर लिहून ठेवा. काम झाल्यावर तीच मापं पुन्हा घ्यायची आहेत.

बीमवरचा भार काढा. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. १५० लिटर पाणी म्हणजे १५० किलो, आणि ते नेमकं चुकीच्या जागी लटकलेलं असतं. तड्याच्या दोन्ही अंगांना बीमखाली घोड्या देऊन तडा मिटेल इतकंच उचला. उघड्या तड्यावर वेल्ड केला तर बीम वाकलेल्या अवस्थेतच कायम होतो.

तड्याचं खरं टोक शोधा. डोळ्यांना दिसतं त्याच्या पुढे तो काही मिलिमीटर गेलेला असतो. पेनिट्रंटने टोक सापडलं की त्याच्या ३ ते ५ मिमी पुढे ५ किंवा ६ मिमीचं छिद्र पाडा, दोन्ही टोकांना. छिद्राच्या आतल्या भिंतीवरही पेनिट्रंट लावून बघा. तिथे रेघ दिसली तर तडा छिद्राच्या पलीकडे गेलाय.

आता तडा पूर्ण काढायचा. इथे कंजुषी करणाऱ्यांच्याच दुरुस्त्या परत येतात. बारीक चकती किंवा कार्बाइड बर वापरून साधारण ६० अंशांची व्ही खाच पाडा, पत्र्याच्या आरपार, मुळाशी अंदाजे २ मिमी फट राहील अशी. दोन्ही छिद्रं खाचेत सामावून घ्या. मग पुन्हा पेनिट्रंट. खाचेत एकही लाल रेघ दिसता कामा नये. तड्यावरून बीड ओढला तर खालचा तडा तसाच राहतो आणि नव्या वेल्डमधून वर चढतो. याला काही महिनेसुद्धा लागत नाहीत.

पेनिट्रंट, रंग, ग्रीस सगळं पुसून खाचेच्या दोन्ही बाजूंना २५ मिमीपर्यंत धातू चकचकीत करा. चेसिस गॅल्व्हनाइज्ड असेल तर जस्त ५० मिमीपर्यंत काढा. जस्ताच्या धुराने ताप भरतो आणि वेल्डमध्ये भोकंही पडतात. एक गोष्ट मात्र जिवाची आहे: साफसफाईला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका. डब्यावर टेट्राक्लोरोइथिलीन किंवा पर्क्लोरोइथिलीन लिहिलेलं असेल तर तो बाजूला ठेवा. त्याचा अंश राहिलेल्या धातूवर आर्क पेटला तर फॉस्जिन वायू तयार होतो. तो थोडासाही फुप्फुसं निकामी करू शकतो.

रॉड ७०१८. पहिले दोन आकडे ताणशक्तीचे, ७० हजार पौंड प्रति चौरस इंच म्हणजे सुमारे ४८० मेगापास्कल. ताकदीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे याचं आवरण कमी हायड्रोजनचं आहे आणि त्याचा वेल्ड लवचीक असतो. ३ मिमीच्या वेबला २.५ मिमीचा रॉड, ७० ते ९० अँपिअर, डीसी, रॉड पॉझिटिव्हला. ५ मिमी आणि त्यावरच्या हँगरला ३.१५ मिमीचा रॉड, ११० ते १३० अँपिअर. डोक्यावर धरून वेल्ड करताना करंट थोडा उतरवा. उघड्या पाकिटात महिनाभर पडलेला ७०१८ वापरायचा असेल तर त्यापेक्षा न वापरलेला बरा, कारण दमट आवरण म्हणजे हायड्रोजन. पाकीट फोडल्यापासून चार तासांत वापरा किंवा १२० अंशांच्या वर गरम पेटीत ठेवा.

मुळाच्या फटीमागे तांब्याची पट्टी दाबून धरली तर पत्रा गळून पडत नाही. पलीकडून हात पोचत असेल तर मागून मूळ घासून एक बारीक बीड तिकडूनही द्या. एका दमात ६० मिमी ओढू नका. २५-३० मिमीचे तुकडे घ्या, टोकांकडून मध्याकडे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर हात टेकवता येईल इतकं थंड होऊ द्या. पाणी ओतून थंड करायचं नाही. रॉड खाचेच्या टोकाला सोडू नका. थोडा मागे घेऊन खळगा भरा आणि मग उचला. प्रत्येक थरानंतर स्लॅग (वेल्डवरची कडक खपली) काढून वायर ब्रश मारा.

शेवटी बीड पत्र्याच्या पातळीत घासा, घासण्याच्या रेषा बीमच्या लांबीने जातील अशा. आडव्या रेषा म्हणजे नव्या तड्यांसाठी ओढून ठेवलेल्या खुणा. पेनिट्रंट परत एकदा लावा, वेल्ड पूर्ण थंड झाल्यावर. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी.

आणि पट्टी. वेबवर जोडपट्टी द्यायची तर वेबइतकीच किंवा एखादा मिमी जास्त जाड घ्या, ३ ते ४ मिमी. ८ मिमीची पट्टी लावली की पट्टी वाकत नाही आणि तिच्या टोकाशी पातळ वेब एकटाच वाकतो. पुढचा तडा तिथेच जाणार. पट्टी तड्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी जावी. तिची टोकं चौकोनी न कापता होडीसारखी निमुळती कापा आणि कोपरे गोल करा. वेल्ड लांबीच्या आणि तिरक्या कडांना द्या, बीमला काटकोनात जाणारी उभी वेल्ड-रेघ कुठेही नको. पट्टीच्या टोकाची जागा हँगरच्या किंवा आडव्या बीमच्या टोकाशी जुळवू नका. सगळे बदल एकाच रेषेत आले की बीम त्याच रेषेत मोडतो. खालच्या फ्लँजवर आडवा वेल्ड तर अजिबात नाही: ॲक्सल आणि कपलर यांच्यामध्ये ती फ्लँज ओढली जात असते.

प्रश्न: तड्याच्या टोकाला छिद्र पाडून सोडून दिलं तर चालतं असं ऐकलं. वेल्डिंगची कटकटच नको.

छिद्राने तड्याची धार बोथट होते, भार तेवढाच राहतो. पुढच्या वर्कशॉपपर्यंत पोचायला हा उपाय ठीक आहे, हंगामभर फिरायला नाही.

प्रश्न: बीमच्या अगदी वर प्लायवूडची जमीन आहे आणि खाली प्लॅस्टिकचं आवरण. वेल्डिंग करताना आग लागण्याची किती भीती? बॅटरी काढली की झालं ना?

भीती पुरेपूर आहे, आणि बॅटरी काढून सगळं होत नाही. खालचं प्लॅस्टिक आणि त्यावरचं इन्सुलेशन कामाच्या जागेपासून दोन्हीकडे किमान ३०० मिमी कापून बाजूला घ्या. जमत असेल तर त्याहून जास्त. ठिणगी त्या पोकळीत शिरली की तिथे काय चाललंय हे बाहेरून कळत नाही. बीम आणि जमीन यांच्यामध्ये आग न धरणारं ब्लँकेट सरकवा. वरच्या फ्लँजला हात लावायचाच असेल तर आतून जमीन उघडल्याशिवाय लावू नका, कारण तिथे प्लायवूड फ्लँजला चिकटलेलं असतं आणि धुमसत राहतं.

गॅसचे सिलिंडर काढून दूर ठेवा. नुसता नॉब बंद करून भागत नाही. गॅसची नळी पुष्कळदा मुख्य बीमच्या कडेने किंवा त्यातूनच जाते, तिच्याजवळ काम असेल तर ती सोडवून, तोंडं बंद करून बाजूला घ्या. ब्रेकच्या आणि दिव्यांच्या तारांचंही तेच. बंद चौकोनी पाइपच्या आतून तार गेली आहे का, हे वेल्ड करण्याआधी बघा.

विजेचं म्हणाल तर ट्रेलरचा प्लग गाडीतून काढा, बाहेरच्या विजेची केबल काढा, बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवा आणि सोलर पॅनेलची जोडणीही सोडवा. अर्थ क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, घासलेल्या धातूवर लावा. तो चाकाला किंवा ॲक्सलला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि रोलरवर बारीक खड्डे पडतात. तिथून पुढे बेअरिंग आवाज करत करत जातं आणि दोष वंगणाला दिला जातो.

पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी, आणि वेल्डिंग थांबल्यावर किमान तासभर कोणीतरी तिथे. आत जाऊन जमिनीला हात लावून बघायचं, वासही घ्यायचा.

प्रश्न: घरी १४० अँपिअरचं छोटं एमआयजी मशीन आहे. हँगरचं काम त्यावर करू का?

३ मिमीच्या पत्र्याला होय, ५-६ मिमीच्या हँगरला नको. ढोबळ हिशोब असा: पत्र्याच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर लागतात. म्हणजे ५ मिमीला २०० च्या आसपास. कमी करंटवर एमआयजीचा बीड दिसायला देखणा येतो, पण वितळलेला धातू थंड पत्र्यावर नुसता बसतो, मुळात मुरत नाही. असा सांधा हातोड्याने एका फटक्यात सुटतो. जुन्या टाकाऊ तुकड्यांवर तोच सांधा वेल्ड करून, व्हाइसमध्ये धरून मोडून बघा. मोडलेल्या जागी सपाट, चकचकीत धातू दिसला तर ते मुरलेलं नाही.

मोकळ्यावर काम असेल तर वारा वेल्डला झाकणारा गॅस उडवून लावतो. मग गॅस न लागणारी फ्लक्स-कोअर वायर बरी, पण तिच्यासाठी मशीनच्या आतली पोलॅरिटी उलटी करावी लागते, वायर निगेटिव्हला. साध्या वायरला पॉझिटिव्ह. ती बदलायला विसरून मशीनला शिव्या देणारे बरेच भेटतात.

प्रश्न: ड्रॉबारच्या डाव्या बीमला पुढच्या आडव्या बीमजवळ तडा दिसला, खालच्या फ्लँजमध्ये सुमारे २० मिमी. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (कपलरवरचा भार बारने पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जोडणी) वापरतो. २०० किलोमीटर घरी नेता येईल का?

नेऊ नका. वेबमधला तडा सहसा हळूहळू वाढतो, ओढल्या जाणाऱ्या फ्लँजच्या कडेतून शिरलेला तडा मात्र एखाद्या खड्ड्यात आरपार जातो. ड्रॉबार तुटला तर सेफ्टी चेनसुद्धा तुटलेल्या भागालाच जोडलेली असते. वेल्डरला तिथे बोलवा किंवा ट्रेलर मोठ्या वाहनावर चढवून न्या. कपलर, सेफ्टी चेनचे कान आणि उघडलेला हँगर यांनाही हाच नियम. मागचा एखादा आधाराचा हात किंवा मधला आडवा बीम तडकला असेल तर टाक्या रिकाम्या करून, सामान उतरवून, सावकाश नेता येतं.

त्या जागी तडा का जातो ते कळलं तर दुरुस्ती कशी करायची तेही कळेल. पुढच्या आडव्या बीमपर्यंत ड्रॉबार एकटा असतो, तिथून मागे मुख्य बीम त्याच्या जोडीला येतो. ताठपणा एकदम वाढतो आणि वाकण्याचा सगळा ताण त्या रेषेवर गोळा होतो. वेट डिस्ट्रिब्यूशनचे बार ड्रॉबारला साखळीने खाली ओढतात आणि कपलर वर ढकलला जातो, म्हणजे खालच्या फ्लँजवरची ओढ आणखी वाढते. सपाट रस्त्यावर हे ठरलेल्या मर्यादेत असतं. तीव्र उताराच्या तोंडाशी गाडी आणि ट्रेलर यांच्यात कोन पडला की बारवरचा ताण एकदम चढतो. अशा जागी शिरण्याआधी आणि काटकोनात मागे घेण्याआधी बार सोडा.

वजनही करून घ्या. कपलरवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा. पुढच्या कप्प्यात जनरेटर, दोन बॅटऱ्या, हत्यारांची पेटी असं साचत गेलं की आकडा नकळत २० च्या पुढे जातो.

तडा काढून, भरून, घासून झाल्यावर सांध्याच्या अंतर्गत कोपऱ्यात त्रिकोणी गसेट (कोपऱ्याला बळ देणारा पत्रा) द्या, ५ मिमी जाड, बाहेरची कड आतल्या बाजूला किंचित वळणदार. उजव्या बाजूलाही तसंच करा, तिथे तडा दिसत नसला तरी. एक बाजू ताठ आणि दुसरी लवचीक राहिली तर ड्रॉबार पिळतो.

प्रश्न: मागच्या बंपरवर सायकलींचा स्टँड लावलाय. बंपरच्या वेल्डला तडा गेला. जाड वेल्ड मारू का?

स्टँड काढा. पातळ चौकोनी पाइपचा बंपर सांडपाण्याची नळी ठेवण्यापुरता केलेला असतो. त्याच्या मागे अर्धा मीटर लांब लोंबणारं ४० किलो वजन खड्ड्यात कित्येक पटींनी आपटतं, तेही पाइप पिळत. स्टँड हवाच असेल तर मुख्य बीमपर्यंत पोचणारा रिसीव्हर (स्टँडचा दांडा घालायची चौकोनी नळी) बोल्टने बसवा.

प्रश्न: ॲक्सलच्या नळीला किंवा पाट्याला तडा गेला तर? आणि ॲल्युमिनियम चेसिसचं काय?

पाटा वेल्ड करायचा नाही, बदलायचा. ते उष्णताप्रक्रिया केलेलं पोलाद असतं आणि वेल्डशेजारी काचेसारखं ठिसूळ होतं. ॲक्सलच्या नळीला आडवा वेल्ड दिला की ती वाकते आणि चाकं तिरकी होतात. ॲक्सल बदला. त्यासाठी यू-बोल्ट काढले असतील तर नवे लावा, एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा धरत नाहीत. कपलर आणि बॉलच्या बाबतीतही वेल्डिंगचा विचार सोडा.

ॲल्युमिनियमच्या चेसिसमध्ये ६०६१-टी६ सारखा मिश्रधातू असेल तर वेल्डशेजारच्या पट्ट्यात त्याची ताकद जवळपास अर्ध्यावर येते. ट्रेलर बनवणाऱ्याने दिलेल्या पद्धतीशिवाय त्याला हात लावू नका.

प्रश्न: दुरुस्ती झाली. आता रंग कुठला आणि पुन्हा कधी बघायचं?

स्लॅग आणि धुराचा थर पूर्ण काढून जस्तयुक्त प्रायमर, त्यावर रंग. दुरुस्तीच्या जागी शक्यतो पांढरा किंवा फिका राखाडी रंग द्या. बाकी चेसिस काळी असली तरी हरकत नाही, दिसायला ठिगळ वाटेल. पण फिक्या रंगावर गंजाची केसासारखी रेघसुद्धा लांबून दिसते, काळ्यावर ती महिनोन्‌महिने लपते. चौकोनी पाइपला आतून मेण फवारा, कारण वेल्डच्या पाठीमागचा रंग आतून जळून गेलेला असतो. जोडपट्टीच्या ज्या कडा वेल्ड केल्या नाहीत त्या सीलंटने बंद करा, नाहीतर मध्ये पाणी साचून गंज फुगतो आणि पट्टी उचलतो.

सुरुवातीची दोरीची आणि कपलरपासून ॲक्सलच्या टोकांपर्यंतची मापं पुन्हा घ्या. वेल्ड आकसल्याने एखाद-दोन मिलिमीटरचा फरक पडेल. त्याहून जास्त असेल तर ॲक्सलची जुळवणी तपासल्याशिवाय निघू नका, टायर एका अंगाने झिजतील. चाकं काढली असतील तर नट १५, ४० आणि ८० किलोमीटरवर पुन्हा आवळा. पहिल्या १५० ते २०० किलोमीटरनंतर खाली पडून टॉर्चने दुरुस्तीची जागा बघा, टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरून, म्हणजे बारीक उंचवटाही सावली टाकतो. नंतर दर १५०० किलोमीटरला आणि हंगामाच्या सुरुवातीला. मधल्या काळात दार घासायला लागलं, खिडकीच्या कोपऱ्यात चीर गेली किंवा एका बाजूच्या दोन चाकांमधलं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळं दिसलं, तर किलोमीटर मोजत बसू नका, लगेच खाली वाका.